डोळा कुठाय?

तुमच्या ऑफिसात मनी प्लांट आहे का? आहेच, मी पैजेवर सांगते. पॅन्ट्रीच्या खिडकीत नाहीतर अकाउंट्सच्या मॅडमच्या मॉनिटरशेजारी, जॅमच्या जुन्या बाटलीत, दोन-तीन पानं बाहेर काढून तो बसलेला असतो. कुणी आणला ते माहीत नाही, पाणी कोण बदलतं तेही माहीत नाही. अप्रेझल होतात, टीम बदलतात, माणसं पेपर टाकून जातात, हा आपला तिथंच. आमच्याकडे तर एका पर्यावरण दिनाला एचआरने सगळ्यांना एकेक वाटला होता. सोबत गोड कार्ड, 'हा तुमच्या डेस्कची हवा शुद्ध ठेवतो!' त्या कार्डाविषयी पुढे बोलूच.

सांगायचा मुद्दा असा, की मनी प्लांट ही काही कौतुकानं लिहावी अशी गोष्ट आहे असं मलाही वाटत नव्हतं. तो मरत नाही, एवढीच त्याची ख्याती. मी मात्र तो मारून दाखवला. आणि नुसता मारला नाही, जिवंत आहे असं आईला दोन महिने सांगत राहिले.

आमच्या डोंबिवलीच्या घरातली वेल माझ्यापेक्षा वर्षानं मोठी. बाबा मुंबईत एका बँकेत कॅशियर होते. ३१ मार्च १९९४, इयर एण्डिंगचं क्लोजिंग, रात्रीचे साडेदहा वाजलेले. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये सही घ्यायला गेले तेव्हा साहेब जागेवर नव्हते आणि टेबलावर हॉर्लिक्सच्या बाटलीत मनी प्लांट होता. बाबांनी एक फांदी तोडली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि जेवणाच्या रिकाम्या डब्यात घातली. शेवटची लोकल पकडून घरी आले. ही गोष्ट ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. "आयुष्यात कोट्यवधी रुपये हातावर मोजले, दहा पैसे इकडचे तिकडे झाले नाहीत. बँकेतून चोरलं ते हे एवढंच." मग पॉज घ्यायचे आणि म्हणायचे, "मनी प्लांट बँकेतून नाही चोरायचा तर कुठून?"

पाहुणे हसायचे. आई आत चहा गाळत असायची, ती कधीच हसली नाही. एक तर तिनं तो जोक चारशे वेळा ऐकला होता. दुसरं, त्या वेलीमुळे पाली होतात हे तिचं ठाम मत.

गॅलरीत तेलाचा पंधरा किलोचा डबा होता, त्यात ती वेल. डब्यातून ग्रिलवर, ग्रिलमधून बाहेर, तिथून पावसाच्या पाण्याच्या पाइपला धरून थेट चौथ्या मजल्यापर्यंत. खाली गॅलरीत पानं तळहाताएवढी, पण पाइपवर चढलेली पानं जेवणाच्या ताटाएवढी! लहानपणी मला वाटायचं ती वेगळीच कुठली तरी वेल आहे. तसं नसतं. या जातीचा स्वभावच तो. लोंबकळत ठेवली तर पान लहान राहतं, आधाराला धरून वर चढू दिली की पान मोठं मोठं होत जातं. कोकणात नारळाच्या खोडावर चढलेला मनी प्लांट बघा, ओळखू येत नाही. मोठ्या झाडावर चढला तर त्याचं एकेक पान पाऊण-एक मीटर लांब होतं आणि कडेनं फाटल्यासारखं कापलं जातं. म्हणजे आपल्या डेस्कवरचा तो बिचारा आयुष्यभर बालवाडीतच!

बाबा दर रविवारी जुन्या बनियनच्या ओल्या फडक्यानं त्याची पानं पुसायचे. २०१८ मध्ये ते गेले. त्यानंतर पानं पुसली गेली नाहीत, पण वेल सुकलीही नाही. तांदूळ धुतलेलं पाणी डब्यात जात होतं. आई त्याबद्दल काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

मग २०२३ आलं आणि आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना बाकीचं सांगायला नको. स्ट्रक्चरल ऑडिट, सोसायटीच्या मीटिंगा, कार्पेट एरिया, कॉर्पस, 'आमच्या वेळी असं नव्हतं', आणि शेवटी एक तारीख : ३१ ऑगस्टपर्यंत घर रिकामं करायचं. आईनं जवळच भाड्याचं घर बघितलं. वन बीएचके, लिफ्ट आहे, गॅलरी नाही. तेलाच्या डब्याचं बूड केव्हाच गंजून गेलं होतं. मुळं फरशीच्या फटीत शिरलेली. डबा उचलला तर हातात फक्त पत्रा आला असता.

"तू पुण्याला घेऊन जा त्याचं एखादं," आई म्हणाली. बस, एवढंच. पण तिच्या आवाजावरून मला कळलं, की हा सामानाच्या यादीतला शेवटचा आयटम नाही.

मी जूनमध्ये एका वीकेण्डला गेले आणि कात्री घेऊन गॅलरीत उभी राहिले. निवडून निवडून पानं काढली. हिरव्यावर पिवळे शिंतोडे असलेली, एकही डाग नाही, लांबसडक देठ. अकरा पानं! मनगटाला थोडी खाज सुटली. त्याचं कारण नंतर कळलं. मनी प्लांट हा आपल्या अळूच्या आणि सुरणाच्या घराण्यातला. अळू नीट शिजलं नाही तर घसा खवखवतो ना, त्याला कारण असतात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक. तेच याच्याही चिकात असतात. अळूच्या भाजीत आपण चिंच नाहीतर आमसूल घालतो, इथं हात साबणानं धुवायचे. (घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर मात्र ही वेल उंच टांगा. चावली तर त्यांचं तोंड सुजतं.)

पुण्यात माझ्या फ्लॅटवर आल्यावर मी जोरात होते. सहा काचेच्या बाटल्या, स्वच्छ पाणी, खिडकीजवळचं टेबल, ऊन थेट नाही पण उजेड भरपूर. आठवड्याला पाणी बदलणं. वर्क फ्रॉम होमच्या दिवशी माझ्या मागे ती ओळ काय सुंदर दिसायची! व्हिडीओ कॉलवर क्लायंटनेसुद्धा विचारलं. रूममेट म्हणाली, अगं पिंटरेस्ट झालंय आपलं घर.

आणि खरंच, पानं जशीच्या तशी. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. पिवळं पडणं नाही, मान टाकणं नाही. पाचव्या आठवड्यात दोन देठांच्या टोकाला पांढरी मुळंसुद्धा आली. मी रात्री साडेअकराला आईला फोन केला.

"आई, लागली!"

"लागली ना? मग झालं," आई म्हणाली.

हे 'मग झालं' म्हणजे काय ते मला नंतर कळलं. त्या आधी तिनं वॉचमनकाकांशी बोलून ठेवलं होतं. शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून थोडी माती आहे, तिथं मुळासकट जेवढं निघेल तेवढं नेऊन लावायचं. दोनशे रुपयेही ठरले होते. माझा फोन झाल्यावर तिनं काकांना सांगितलं, राहू द्या, पोरीकडे लागलंय.

ऑगस्टच्या मध्याला आई नव्या जागेत गेली, म्हणजे गणपती तिथं बसवता येतील. मी सुट्टी काढून सामान बांधायला गेले होते, पण गॅलरीकडे फारसं बघितलं नाही. कशाला बघायचं? बॅकअप घेतलेला होता ना!

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मामा आला. मामा कराडकडचा, ऊस शेतकरी. पुण्यात डोळे तपासायला आला होता, डोळ्यात थेंब घालून त्याला दोन तास बसवलं होतं आणि तशा धूसर डोळ्यांनी तो माझ्याकडे जेवायला आला. हात धुतले, खिडकीशी गेला, एक बाटली उचलून अगदी नाकाजवळ धरली.

"ह्येला डोळा कुठाय?"

मला वाटलं हा स्वतःच्याच डोळ्यांबद्दल बोलतोय.

"आगं डोळा. पेरावरचा डोळा. नुसतं पान लावलंयस पाण्यात. ह्येला फुटवा कुठनं येणार?"

"पण मामा, मुळं आलीयेत!"

"मुळं येतील की. मुळं येऊन काय करतील? वर न्यायला काय हाय?" मग जेवता जेवता त्यानं मला जे सांगितलं ते मी बारावीत बायोलॉजीत शिकले होते, मार्कही मिळाले होते. फक्त समजलं नव्हतं.

उसाचं बेणं लावताना शेतकरी काय करतो? कांड्याचे तुकडे करतो, एका डोळ्याचे नाहीतर दोन डोळ्यांचे. त्याला टिपरी म्हणतात. ऊस जिथं जिथं गाठाळतो ते पेर, आणि प्रत्येक पेरावर एक बारीकसा फुगीर ठिपका असतो, तो डोळा. नवा ऊस त्या डोळ्यातूनच फुटतो. दोन पेरांच्या मधलं कांडं कितीही रसाळ, जाड, देखणं असलं तरी डोळा नसेल तर ते फक्त खायचं. मनी प्लांटचं तंतोतंत तेच. वेलीवर जिथं पानाचा देठ खोडाला मिळतो ते पेर. तिथं देठाच्या बगलेत झाकलेला एक कोंब असतो आणि मागच्या बाजूला तपकिरी रंगाचं छोटं टोक, हवेतलं मूळ. म्हणजे वर जायची आणि खाली जायची, दोन्हीची सोय त्या एका गाठीत. पानाचा देठ तेवढा कापला की ही गाठ वेलीवरच राहते. आपल्या हातात येतं ते पान. ते पाण्यात महिनोन्‌महिने हिरवंगार राहतं, कधी मुळंही धरतं, आणि त्यातून दुसरं पान येत नाही. कधीच नाही.

मी अकराच्या अकरा बाटल्यांतून उपसून बघितली. एकावरही गाठ नव्हती. मी देखण्या पानांच्या नादात प्रत्येक वेळी पेराच्या बरोबर वर कात्री चालवली होती.

"आईला सांगू नकोस," मी मामाला म्हटलं.

"मी कशाला सांगतोय," मामा म्हणाला. आता, आमच्या मामाच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या खानदानाला माहीत आहे.

त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी मी डोंबिवलीला पोचले. आईला सांगितलं नव्हतं. स्टेशनवरून थेट बिल्डिंगकडे. ग्रिल्स निघाले होते. सगळ्याच खिडक्यांचे, एका रांगेत, डोळे काढल्यासारखे. भंगारवाला ग्रिल घेऊन गेला आणि ग्रिलला विळखा घातलेली वेल ओढून काढून खाली कंपाउंडमध्ये फेकली गेली. पाइपही काढलेला. आत जाऊ देत नव्हते. मी वॉचमनकाकांना विचारलं, हे कधी झालं? म्हणाले, तीन-चार दिवस झाले, ताई. मग थोडं थांबून म्हणाले, "वहिनींनी तर सांगितलं होतं तुमच्याकडे लागलंय म्हणून."

ढिगाऱ्यात विटा, फुटक्या कुंड्या, कुणाचा तरी तुळशीवृंदावनाचा अर्धा भाग, आणि त्यावर वेटोळं होऊन पडलेली आमची वेल. ताटाएवढी पानं चुरगळून काळी पडलेली. बोटाएवढं जाड खोड मात्र अजून हिरवं होतं. तीन दिवस पाऊस होता, त्याची कृपा. मी ऑफिसच्या सॅकमधून लॅपटॉप काढला, काकांच्या केबिनमध्ये ठेवला आणि सॅकमध्ये वेल भरली. पान एकही नाही. नुसत्या काड्या.

खरं सांगते, त्या काड्या बघून कुणीही म्हटलं असतं की हे सरपण आहे.

आता थोडं टेक्निकल, पण हे वाचाच, कारण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते. शेंडा जोवर वेलीवर असतो तोवर तो खाली ऑक्झिन नावाचं हार्मोन पाठवत राहतो आणि त्यामुळे खालचे डोळे झोपून राहतात. बॉस जागेवर असताना ज्युनियर मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत ना, तसंच काहीसं. शेंडा तुटला, तुकडा वेगळा झाला, की त्या तुकड्यातला डोळा जागा व्हायची शक्यता तयार होते. आणि तुकड्यातलं ऑक्झिन खालच्या टोकाकडे उतरत जातं, तिथं साचलं की मुळं फुटायला चालना मिळते. म्हणजे वेलीला कापून दुसरीकडे वाढण्याचं शिक्षण आपण देत नाही, ते तिच्या गाठीगाठीत आधीच भरलेलं आहे. पान असलेला तुकडा लवकर लागतो, कारण पान अन्न तयार करून पुरवतं. बिनपानाच्या काडीला खोडात साठलेल्या शिदोरीवरच सगळं भागवावं लागतं, म्हणून वेळ लागतो आणि सडण्याची भीती जास्त. पण डोळा शाबूत असेल तर ती फुटते.

मी रविवारी रात्री किचनच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बसले. काड्या धुतल्या. कुजलेला, मऊ पडलेला भाग कापून टाकला. मग सुरी गरम पाण्यानं धुऊन प्रत्येक गाठीच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतर सोडून तुकडे केले. सतरा तुकडे निघाले. कापलेली तोंडं रात्रभर तशीच उघडी सुकू दिली. वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हे पानाशिवाय कळेना. (पान गळून पडल्याचा जो चंद्रकोरीसारखा व्रण असतो, डोळा त्याच्या वर असतो, हे नंतर समजलं.) मग मामाला फोन. तो म्हणाला, आडवं लाव, उसासारखं, त्याचं तो बघंल वर कुठं हाय ते.

घरपोच बिर्याणी येते ते झाकणाचे पारदर्शक डबे घरात ढिगानं होते. रूममेट त्यांना 'आमची मिळकत' म्हणते. त्यात ओलं करून घट्ट पिळलेलं कोकोपीट भरलं. पिळलेलं हे महत्त्वाचं, पाणी ठिबकता कामा नये. त्यावर काड्या आडव्या ठेवल्या, अर्ध्या बुडालेल्या, अर्ध्या वर. झाकणाला चार भोकं. डबे उजेडात, उन्हात नाही. बास, एवढंच. देखण्या काचेच्या बाटल्यांच्या जागी आता माझ्यामागे बिर्याणीचे डबे. व्हिडीओ कॉलला मी बॅकग्राउंड ब्लर करायला लागले.

पहिल्या दोन आठवड्यांत नऊ काड्या सडल्या. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर झाकण उघडायचं, वास घ्यायचा, मऊ लागेल ती काढून टाकायची. आईचा फोन यायचा. गणपतीत नैवेद्याला काय केलं, नव्या बिल्डिंगमध्ये पाणी किती वेळ येतं, लिफ्टमध्ये कोण भेटलं. वेलीचं ती विचारायची नाही. मीही विषय काढायची नाही.

तेविसाव्या दिवशी एका काडीवरचा ठिपका फुगलेला दिसला. हिरवट, तांदळाच्या दाण्याएवढा. मी मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं. मग रूममेटला झोपेतून उठवलं. तिनं बघितलं, म्हणाली, "छान आहे," आणि परत झोपायला गेली. चांगली मुलगी आहे ती.

शेवटी सतरातल्या पाच जगल्या. तीन काड्या ना सडल्या ना फुटल्या, तशाच राहिल्या. पाचही जणी मी एकाच कुंडीत लावल्या, कारण एका तुकड्यातून साधारण एकच वेल निघते, भरगच्च कुंडी हवी तर चार-पाच तुकडे एकत्र लावावे लागतात. नर्सरीत तीनशे रुपयांना मिळणारी झुपकेदार कुंडी म्हणजे तेवढंच असतं. मातीत थोडं शेणखत, थोडं कोकोपीट, तळाला भोक. पाण्यात वाढवलेली मुळं एकदम कोरड्या मातीत गेली की बिचकतात, म्हणून पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवायची. त्यानंतर मात्र बोट घालून बघायचं आणि वरची माती कोरडी लागली तरच पाणी. मनी प्लांट मरतो तो बहुतेक वेळा लाडानं, म्हणजे जास्त पाण्यानं. आणि कोपऱ्यात अंधारात ठेवलात तर जगेल, पण पानांवरचे पिवळे शिंतोडे कमी होत जातील. उजेड कमी, म्हणून जास्तीत जास्त पान हिरवं ठेवण्याची त्याची धडपड.

हो, ते एचआरचं कार्ड. हवा शुद्ध होण्याची गोष्ट येते नासाच्या १९८९ च्या एका अभ्यासातून. त्यात मनी प्लांट होता, पण प्रयोग बंद पेटीत झाले होते. पुढे २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं, की इमारतीत हवा नुसती खेळती असण्यानं जे होतं ते झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. म्हणजे डेस्क काढून जंगलच लावायचं. एचआरला मी हे मेल केलेलं नाही. अप्रेझल जवळ होतं.

पण हे सगळं वाचता वाचता एक गोष्ट सापडली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. मनी प्लांटला फूल आलेलं तुम्ही कधी बघितलंय? नाही ना? मूळचा तो ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरचा. लागवडीतल्या मनी प्लांटला फुलं येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. २०१६ मध्ये संशोधकांनी याचं कारण शोधलं. फुलायला लागणारं जिबरेलिन हे हार्मोन त्याच्या अंगात पुरेसं तयारच होत नाही. बाहेरून फवारलं तर फुलतो. फूल नाही म्हणजे बी नाही. बी नाही म्हणजे पिल्लूही नाही. म्हणजे जगभरच्या खिडक्यांतून, हॉटेलांच्या लॉबीतून, दवाखान्यांच्या वेटिंग रूममधून जो काही मनी प्लांट आहे, तो कुणीतरी कुणाकडून तरी तोडून आणलेला तुकडा आहे. तुकड्याचा तुकडा, त्याचा तुकडा.

मी आतापर्यंत मनात म्हणत होते, ही बाबांच्या वेलीची मुलगी. तसं नाहीये. ही तीच आहे. साहेबांच्या टेबलावरच्या बाटलीतून ओल्या रुमालात आलेली, बनियनच्या फडक्यानं पुसलेली, तीच वेल. फक्त जागा बदललेली. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यात काय नवल? आमचा ८६०३२ पण तसलाच की. बेण्यातनं बेणं. सगळा पट्टा एकच ऊस हाय."

चोरलेला मनी प्लांटच लागतो असं म्हणतात ना, त्यावरही माझी एक थिअरी आहे. मागून घेताना आपण संकोचतो, 'एखादं पान द्या' म्हणतो आणि पान घेऊन येतो. चोरताना घाई असते, हाताला लागेल तेवढी फांदी ओढली जाते, आणि तिच्यात दोन-चार डोळे आपसूक येतात. बाबांनी डोळे बघून फांदी तोडली असेल असं मला वाटत नाही. त्यांचं लक्ष दाराकडे असणार.

२०२४ च्या दिवाळीला आई पुण्याला आली. तोवर वेल पडद्याच्या दांडीपर्यंत पोचली होती. आईनं चप्पल काढली, आत आली आणि सरळ तिच्यापाशी गेली. बराच वेळ काही बोलली नाही. एक पान उलटं करून बघितलं. मग म्हणाली, "काड्यांतून आली म्हणे."

मामा! मी त्याला मनातल्या मनात काय म्हटलं ते इथं छापता येणार नाही.

"आई, मी तेव्हा फोनवर..."

"चहा टाक," आई म्हणाली.

चार दिवस राहिली. एकदा सकाळी मी उठले तेव्हा ती माझ्या जुन्या टी-शर्टच्या फडक्यानं पानं पुसत होती. मला बघून म्हणाली, किती धूळ गं तुमच्या पुण्यात. निघायच्या आदल्या रात्री मी विचारलं, एखादं कटिंग घेऊन जातेस का? नीट डोळा बघून काढून देते.

"नको बाई. गॅलरी नाही, कुठं ठेवू? आणि पाली होतात."

सकाळी तिला रिक्षात बसवून वर आले. चहाचे कप विसळायला गेले तर ओट्यावरची कात्री भलत्याच जागी, ओली. तिच्या डब्यांचा संच मी स्वतः भरून दिला होता, चिवडा, चकल्या, दोन लाडू, तेव्हा एक डबा रिकामाच राहू दे म्हणून ती भांडली होती ते आठवलं. मी पडद्याच्या दांडीकडे धावले. एक शेंडा गेला होता. चांगला वीतभर.

फोन उचलला. नंबर लावला आणि कट केला. विचारणार काय? चोरीचा मनी प्लांट, विचारलं की संपलं.

खुर्ची ओढून वर चढले आणि उरलेल्या वेलीचं टोक उजेडात धरून बघितलं. नुसतं गुळगुळीत कांडं होतं. काप पेराच्या खाली होता, अर्धा बोट अंतर सोडून.